उकळलेले विरजण

दुसरे महायुद्ध चालू होते त्या वर्षांत मी हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात मुन्शी होतो. मुन्शी म्हणजे कारकून. आलेल्या रोग्याचे नाव, गाव आणि तक्रार उर्दूत लिहायची, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या, वरून आलेले हुकूम मराठीत करून दवंडीवाल्याला समजावून सांगायचे, एवढे काम होते. लग्नाला दीड वर्ष झाले होते. घरात आम्ही दोघेच होतो.

पत्नीचे माहेर वसमतचे. लग्नानंतर ती पहिल्यांदा माहेरी गेली आणि परत येताना एका लहान गाडग्यात आईच्या हातचे दही घेऊन आली. गाडग्याचे तोंड हळदीच्या पानाने बांधलेले होते. त्या दह्याचे विरजण तिने आमच्या दुधाला लावले. पुढे रोज झालेल्या दह्यातून कोणी खाण्याआधी दोन चमचे दही ती एका वाटीत काढून ठेवी आणि संध्याकाळी त्याने पुढच्या दिवसाचे दूध विरजी.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिची आई वारली. वडील आधीच गेले होते, भाऊ नव्हता. म्हैस चुलत्याने नेली आणि घराला कुलूप लागले. आईचे दागिने लग्नातच मोडले होते, लुगडी बहिणींनी वाटून घेतली. पत्नीकडे आईचे म्हणून जे उरले ते हे विरजण. तिने तसे कधी बोलून दाखवले नाही. एकदा मी भुकेच्या तंद्रीत ती वाटी भाकरीबरोबर संपवत होतो, तेव्हा तिने धावत येऊन माझ्या हातातून वाटी काढून घेतली. तळाला चमचाभर दही राहिले होते. "एवढं पुरे हाये," ती म्हणाली. मग ती वाटी माझ्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर, शिंक्यात जाऊन बसली.

आमच्या गल्लीत दहा-बारा घरे होती. कोणाचे दही बिघडले, आंबट झाले किंवा मांजराने सांडले, की त्या घरची बाई रिकामी वाटी घेऊन दुसऱ्या घरी जाई. विरजणाला नाही म्हणायचे नाही, अशी रीत होती. दिवेलागणीनंतर मात्र ते घराबाहेर जात नसे. पत्नीचे दही घट्ट लागते, चाकूने कापल्यासारखे निघते, अशी बोलवा झाली आणि वर्षभरात गल्लीतल्या बहुतेक घरांत वसमतचेच दही लागू लागले.

शेजारी पिंजाऱ्याचे घर होते. पत्नी त्या घरच्या बाईला भाबी म्हणत असे. भाबीलाही विरजण जाई. भाबी आपली वाटी उंबऱ्याबाहेर ठेवी आणि पत्नी वरून दही सोडी. आमच्याकडून त्यांच्याकडे जायला अडचण नव्हती. त्यांच्याकडचे आमच्याकडे यायचे नाही. हा नियम कोणी सांगितलेला नव्हता आणि कोणी मोडतही नव्हते. भाबी यावर हसत असे. "तुमचं दही आमच्याकडं येऊन मुसलमान झालं, बाई," असे ती उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणायची आणि पत्नी आतून, "होऊ द्या, घट्ट लागतं न्हवं?" असे विचारायची.

आषाढ सरत आला तेव्हा कळमनुरीकडच्या दोन गावांत पटकी, म्हणजे कॉलरा, लागल्याची खबर दवाखान्यात आली. डॉक्टरसाहेब औरंगाबादकडचे मुसलमान होते. चाळिशीतले, सडपातळ, बोलताना उर्दूत मराठी मिसळणारे. त्यांनी दोन दिवसांत विहिरींत लाल दवा टाकून घेतली, आठवड्याचा बाजार बंद ठेवण्याची विनंती तहसिलीत केली आणि मला एक हुकूम लिहून दिला. पाणी उकळून प्यावे. दूध उकळून प्यावे. दुधाची भांडी उकळत्या पाण्यातून काढावी. एवढाच हुकूम होता.

मराठी करताना मी त्यात दही आणि ताक हे दोन शब्द वाढवले. माझे म्हणणे असे की ताकात विहिरीचे कच्चे पाणी पडते, मग ताक कसे सोडायचे? आणि ताक दह्याचे होते, तर दही कसे सोडायचे? डॉक्टरसाहेबांना मी विचारले नाही. ते त्या दिवशी कळमनुरीला गेले होते.

हुकूम नुसता दवंडीने सांगून लोक ऐकत नाहीत, हे मला माहीत होते. म्हणून आमच्या गल्लीत मी स्वतः घरोघर फिरलो. पहिल्याच घरी प्रश्न आला, "तुमच्या घरी उकळलं का?" मी म्हटले, चला, दाखवतो.

पत्नी त्या दिवसांत बाजूला बसलेली होती. बाहेरच्या पडवीत घोंगडीवर. तीन दिवस तिने स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाही आणि कशाला हात लावायचा नाही. घरात दुसरी बाई नसल्यामुळे स्वयंपाक माझ्याकडे होता आणि विरजणही. पडवीतून ती सूचना देई. दूध बोटाला सोसेल इतकेच गरम असू द्या. विरजण तळाला पसरा. परडी झाका. या सूचना मी पाळत होतो. त्या दुपारी शेजारच्या तीन-चार बायांना मागच्या दाराने आत आणून मी चूल पेटवली, दह्याचे गाडगे पातेल्यात रिकामे केले, शिंक्यातली वाटीही त्यात उपडी केली आणि सगळे उकळले. दही फुटले. हिरवट पाणी वर आणि चोथा खाली. बायांनी एकमेकींकडे पाहिले.

"याचं आता काय करायचं?" एकीने विचारले.

"खायचं," मी म्हणालो. "रोग राहिला नाही त्यात."

"चवही राहिली न्हाई," दुसरी म्हणाली.

पण त्या गेल्या आणि त्यांनी घरोघर तसेच केले. भाबीच्या दारासमोर मी चूल पेटेपर्यंत उभा होतो.

संध्याकाळी मी त्याच उकळलेल्या चोथ्यातले दोन चमचे घेऊन सांगितल्याप्रमाणे दूध विरजले. सकाळी दूध जसेच्या तसे होते. मला वाटले, दूध जास्त गार झाले होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावले. दूध नासले, पण दही झाले नाही. पडवीतून विचारणा झाली, "लागलं का?" मी म्हणालो, "लागेल."

चौथ्या दिवशी सकाळी तिने न्हाणे केले, ओले केस टॉवेलात बांधून ती आत आली आणि पहिल्यांदा शिंक्याकडे गेली.

"वाटी कुठं हाये?"

"धुतली."

"इरजण?"

मी सांगितले. तिने पातेल्यातला चोथा बोटाने उकरून पाहिला, वास घेतला.

"काहून उकळलं तुमी?"

"हुकूम होता."

"दही उकळायचा?"

यावर मला खरे सांगावे लागले. ती ओरडली नाही, रडलीही नाही. तिने पातेले घासायला घेतले आणि राख जरा जास्त वापरली. मग डोक्यावर पदर घेऊन गल्लीत गेली. पहिल्या घरी, दुसऱ्या घरी, असे करत सातव्या घरापर्यंत. प्रत्येक ठिकाणी तिला एकच उत्तर मिळाले आणि ते देताना प्रत्येक बाई माझ्या नावाने काहीतरी पुढे जोडत होती. परत आल्यावर ती एवढेच म्हणाली, "तुमी लई काम केलं. एक घर सोडलं न्हाई."

त्या दिवशी मी दवाखान्यात डॉक्टरसाहेबांना विचारले की उकळलेल्या विरजणाने दही का लागत नाही. त्यांनी चष्मा काढला.

"मुन्शीजी, दही को जोश दिया?"

"जी, उकळलं."

"हुकुमात दही होतं?"

"नव्हतं. मी वाढवलं."

ते बराच वेळ हसले. म्हणाले, सरकारी दफ्तरात हुकमापेक्षा जास्त काम झालेलं मी पहिल्यांदा पाहतो, और वो भी ग़लत. मग त्यांनी शिपायाला आपल्या घरी पाठवून वाटीभर दही मागवले. त्यांच्या घरी ते उकळलेले नव्हते, कारण त्यांनी घरी मूळ हुकूम सांगितला होता.

दवाखान्यात एक पितळी खुर्दबीन, म्हणजे सूक्ष्मदर्शक, होती. थुंकी तपासायला ती वापरत. रॉकेल मिळत नसल्यामुळे ती खिडकीशी ठेवून आरशाने ऊन घ्यावे लागे. डॉक्टरसाहेबांनी काचेवर दह्याचा पातळ थर दिला, तो वाळवला, तेल निघावे म्हणून धुतला, निळे औषध टाकले, पुन्हा धुतले. मग म्हणाले, बघा.

मला निळ्या काड्या दिसल्या. काही सुट्या, काही एकापुढे एक. मधूनमधून मण्यांच्या माळेसारखे गोल ठिपके. काही काड्या मधोमध किंचित आवळलेल्या होत्या, जणू दोऱ्याने बांधल्या आहेत.

"ती बघितली? कमर बारीक झालेली?" ते म्हणाले. "ती दोन होत होती. आपण रंग टाकून मारली, म्हणून तशीच थांबली."

त्यांनी दफ्तराच्या मागच्या पानावर पेन्सिलीने काढून दाखवले. जंतू आधी लांब होतो. त्याच्या आत जे काही त्याचे कूळ सांगणारे असते त्याची दुसरी प्रत तयार होते आणि दोन प्रती दोन टोकांना सरकतात. मधे आडवी भिंत पडते. भिंत पुरी झाली की एकाचे दोन. उबदार दुधात याला अर्धा-पाऊण तास लागतो, कधी जास्त. दोनाचे चार, चाराचे आठ. मी त्याच पानावर हिशेब करत गेलो. दहा वेळा विभागल्यावर एकाचे हजाराहून थोडे जास्त होतात. वीस वेळा विभागल्यावर दहा लाखांच्या वर. दोन चमच्यांत असे किती असतील ते मला लिहिता आले नाही.

"मग हे थांबतं कुठे?" मी विचारले.

"आपल्याच आंबटपणात. दूध आंबट होतं, त्यांना सोसत नाही, थांबतात. नवं दूध मिळालं की पुन्हा चालू. पटकीचे जंतूही असेच करतात, विहिरीत नाही तर आतड्यात. म्हणून पाणी उकळायचं. पर सबको एक लाठी से मत हाँको."

मी आणखी एक प्रश्न विचारला. तो मला त्या वेळी महत्त्वाचा वाटला नव्हता. दोन झाल्यावर त्यातला जुना कोणता आणि नवा कोणता?

"कोई नहीं," ते म्हणाले. "यात आई मागं राहत नाही. मरतही नाही. आई होती तीच दोन झाली. दोन्ही तीच."

जाताना त्यांनी वाटीतले उरलेले दही पुढे केले. घरी न्या, विरजण होईल. मी ते नेले नाही. का नेले नाही हे त्यांना कळले असावे, कारण त्यांनी दुसऱ्यांदा म्हटले नाही.

घरी पत्नी ज्वारी निवडत होती. मी जे पाहिले ते क्रमाने सांगितले. पेन्सिलीचे चित्र पुन्हा राखेत काढून दाखवले. तिने सूप खाली ठेवले.

"म्हंजी जितक्या घरी दिलं, तितक्या घरी तेच व्हतं?"

"तेच."

"माझ्याकडचं खरं आन् त्यांच्याकडचं उसनं, असं न्हाई?"

"तसं नाही."

"आन् तुमी सगळ्यायला उकळायला लावलं."

"या गल्लीत."

"गल्लीभायेर?" तिने विचारले.

त्यानंतरचे काम तिने चौकशी अधिकाऱ्यासारखे केले. कोणाला केव्हा दिले, त्या बाईने पुढे कोणाला दिले, ती आता कुठे असते. एक माहेरवाशीण वाशीमकडे घेऊन गेली होती, ते दूर होते. एकीने गवळ्याला दिले होते, त्याने त्यात स्वतःचे मिसळले होते. तिसरा धागा भाबीकडे निघाला.

भाबी उंबऱ्याबाहेर बसून कापसाची सरकी वेचत होती.

"मी तर उकळलं बाई," ती म्हणाली. "तुमचे मुन्शी दाराम्होरं हुबे होते. न उकळून करती काय? पर उन्हाळ्यात ती तुपवाली लमाणीन आली होती, नर्सीच्या वाटंवरल्या तांड्याची. तिला दिलं व्हतं मी वाटीभर. तिची म्हस व्याली व्हती."

"ती बाजाराला येते न्हवं?"

"बाजार कुटं हाये? तुमच्याच मुन्शीनं बंद केला ना!"

बाजार मी बंद केला नव्हता, तहसीलदारांनी केला होता. पण दुरुस्ती करण्याची ती वेळ नव्हती.

संध्याकाळी मी पत्नीच्या एक गोष्ट लक्षात आणून दिली. ते दही आता भाबीच्या घरातून तांड्यावर गेलेले आहे. आपल्याकडे तांड्यावरचे दूधदुभते घेत नाहीत. ती जेवायला वाढत होती.

"गेलं ते कुठून?" तिने मग विचारले. "माझ्याच शिंक्यातून ना? माझं मी आणायला कुणाला इचारू?"

मी म्हणालो, उद्या मी जाऊन घेऊन येतो.

"न्हाई. मी येते. तुमी पुन्हा उकळून आणाल."

दुसऱ्या दिवशी नर्सीकडे जाणाऱ्या एका छकड्यात आम्हाला जागा मिळाली. मी दवाखान्यातून लाल दवेची पुडी आणि मूळ हुकुमाची प्रत घेतली होती, म्हणजे रजा न घालवता हे कामही होणार होते. चिखलामुळे बैल सावकाश चालत होते. तांडा रस्त्यापासून अर्धा कोस आत, टेकाडाच्या कुशीला होता. पायवाटेवर दोन खांब रोवून त्यांना आडवी लिंबाची डहाळी बांधलेली होती. पलीकडे तांड्याचा नाईक बाजेवर बसला होता.

"तिथंच थांबा," तो म्हणाला. "गावातलं माणूस आत न्हाई. रोग हाये तिकडं."

डॉक्टरसाहेब ज्यासाठी आठवडाभर खटपट करत होते ते या तांड्याने कोणताही हुकूम न मिळता केले होते. मी तसे त्याला सांगितले.

"मग तू काहून आला? टोचायला?"

"दही मागायला."

नाईकाने मागे वळून आपल्या बोलीत काही सांगितले. झोपड्यांतून हसण्याचा आवाज आला. मग तुपवाली आली. साठीच्या आसपासची, कोपरापर्यंत बांगड्या, हातांना अजून शेणाचा लेप. तिने पत्नीला ओळखले नाही, पण भाबीचे वर्णन केल्यावर मान हलवली.

"पिंजाऱ्याच्या घरचं ना? व्हय, आणलं व्हतं. पर ते गेलं."

पत्नीने डहाळीला हात लावला. नाईक खाकरला, तिने हात काढला.

"गेलं म्हंजी?"

"तार सुटली त्याला. जेठात. बोटाला लोंबायचं. टाकलं म्या."

छकडेवाला बैलांना पाणी दाखवायला निघून गेला. तुपवाली पत्नीच्या तोंडाकडे बघत होती.

"आगं, अशी काय करते लेकरा? मी टाकायच्या आदी माझ्या नणंदेला दिलं व्हतं की. माझं टाकल्यावर तिच्याकडनं परत आणलं. तेच लावते अजून. दुसरं कुठनं आणू इथं रानात?"

पत्नी हसली. लग्नानंतर मी तिला इतके मोठ्याने हसताना ऐकले नव्हते.

दही डहाळीच्या खालून आले. तुपवालीने मातीची बोळकी जमिनीवर ठेवली आणि मागे सरकली, मग पत्नीने ती उचलली. तिने बरोबर शेरभर गूळ आणला होता, तो तसाच जमिनीवरून पलीकडे गेला. मी हुकूम वाचून दाखवला. पाणी उकळा, दूध उकळा, भांडी उकळत्या पाण्यातून काढा.

"आन् दही?" नाईकाने विचारले.

"दही नाही," मी म्हणालो.

"मुन्शीला इचारा, त्यांना ठावं हाये," पत्नी छकड्याकडे जाताजाता म्हणाली. ती कोणाला उद्देशून म्हणाली ते सांगता येत नाही.

पहिल्या दिवशी जे दही लागले त्याला धुराचा वास होता. तांड्यावर चूल झोपडीतच असते आणि गाडगे चुलीला लागून ठेवतात. पत्नीने चाखले आणि दोन चमचे काढून ठेवले. दुसऱ्या दिवशी वास कमी झाला. तिसऱ्या दिवशी दही पातळ लागले, कारण पाऊस जोरात होता आणि घर गार होते. चौथ्या दिवशी तिने गाडगे गव्हाच्या कणगीत पुरून ठेवले. पाचव्या दिवशी सकाळी तिने उलथन्याने दही कापले. कड सरळ उभी राहिली, पाणी सुटले नाही. तिने बोटभर खाल्ले आणि मला हाक मारली.

"खाऊन बघा."

मी खाल्ले. मला फरक कळला नाही. मी तसे सांगितले असते, पण तिने माझ्याकडे उत्तरासाठी पाहिलेच नव्हते. ती दुसरा घास घेत होती.

इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. मी डॉक्टरसाहेबांना नंतर विचारले की ते दही वसमतचेच, असे म्हणता येईल का. त्यांनी सांगितले की खात्रीने म्हणता येणार नाही. प्रत्येक घरच्या हवेतून, भांड्यातून, दुधातून दुसरे जंतू येतात, कधी ते जोर धरतात आणि जुने मागे पडतात. काही जुने टिकलेही असतील. त्यांनी पुढे विचारले, "बेगमसाहेबांनी ओळखलं?" मी हो म्हणालो. "तो फिर आप क्यों पूछ रहे हैं?" ते म्हणाले.

त्यांनीच एकदा पत्नीला खुर्दबीन बघायला बोलावले. पटकी तोवर ओसरली होती. हिंगोलीत ती आलीच नाही. दुपारी दवाखाना रिकामा असताना पत्नी आपल्या दह्याची वाटी घेऊन आली. डॉक्टरसाहेबांनी काच तयार करून लावली आणि ती अवघडू नये म्हणून स्वतः बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. तिला एक डोळा मिटायला जमत नव्हते. शेवटी पदराने झाकून घेतला. मग बराच वेळ पाहत राहिली.

"काय दिसतं?" मी विचारले.

"लई गर्दी हाये."

व्हरांड्यातून आवाज आला, "यातली तुमच्या माहेरची कोणती?"

"आता ते कसं सांगू?" ती नळीवरून डोळा न काढता म्हणाली. "समद्या सारख्याच दिसून राहिल्या. एक जरा वाकडी हाये, ती आमच्या चुलतीसारखी."

त्यानंतर तिची एक सवय बदलली. ती वाटी शिंक्यात राहिली, पण ती एकटी राहिली नाही. दर आठ-दहा दिवसांनी, दिवेलागणीच्या आधी, पत्नी स्वतः भाबीच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन विरजण देऊन येई, मागितलेले असो वा नसो. भाबी म्हणे, "आमच्याकडं हाये की." पत्नी म्हणे, "असू द्या. जुनं झालं आसंल."

अठ्ठेचाळीस सालच्या उन्हाळ्यात संस्थानातली परिस्थिती बिघडली. गल्लीतली बरीच घरे सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात नातेवाइकांकडे निघाली. आम्हीही निघालो. एका गाडीत मावेल एवढेच घ्यायचे होते. दोन लुगडी, तांब्याचा हंडा, दफ्तर, पीठ. वाशीमच्या वाटेवर, गाडी एका ओढ्याशी थांबली तेव्हा माझ्या लक्षात आले की विरजणाचे गाडगे कुठे दिसत नाही. मी विचारले. मला वाटले होते ती दचकेल.

"भाबीकडे हाये ना," ती म्हणाली आणि चिंधीत बांधलेली भाकरी सोडू लागली.

वाशीमला आम्ही नातेवाइकांचे दही खाल्ले. ते चांगले होते. तिने त्याला नाव ठेवले नाही.

परत आलो तेव्हा पावसाळा संपला होता. गल्लीतली काही घरे बंद होती. पिंजाऱ्याचे घर उघडे होते आणि कापूस पिंजायच्या धनुकलीचा आवाज येत होता. पत्नीने कुलूप काढले, घर झाडले, गवळ्याकडून दूध घेतले, तापवले. ते बोटाला सोसेल इतके निवेपर्यंत थांबली. मग कपाटातली वाटी पुसून ती शेजारी गेली. मी दारात उभा होतो. भाबीने, पत्नी सोडायची तसेच, दही वरून सोडायला हात लांबवला, तर पत्नी उंबरा ओलांडून आत गेली होती आणि चुलीशेजारच्या गाडग्यावरची परडी स्वतः उचलत होती.

"आवो बाई, हळू," भाबी म्हणाली. "तळाचं घ्या, वरली साय पोराला ठिवलीया."

"तळाचंच घेते."

"आन् वाटी परत द्या. मागच्या टायमाला तुमच्याकडंच राहिली व्हती एक."

"ती माझी व्हती."

"ती माझी व्हती बाई, कड चेपलेली."

दोघी त्यावर बोलतच बाहेर आल्या. सकाळी दही लागले होते.